लॉरी उठत नव्हती तो हिवाळा

सोलापूरच्या माणसाने थंडीची तक्रार करू नये, हे मला मान्य आहे. पुण्याकडचे आमचे व्याही अजून हसतात. "तुमच्याकडची थंडी म्हणजे उन्हानं घेतलेली अर्ध्या दिवसाची रजा," असं ते म्हणतात, आणि आम्ही घरचे गप्प बसतो, कारण उन्हात भाजून निघालेल्या माणसाच्या थंडीवर कोण विश्वास ठेवणार? पण पौषातली पहाट आमच्याकडेही येते. काळ्या रानावरून कोरडा वारा सुटतो, माळवदावर झोपणारी माणसं घोंगडी गुंडाळून खाली येतात, आणि चुलीपुढची जागा कुणाची यावरून घरात भांडणं लागतात. त्या थंडीने आमच्यातल्या एकाला पार आडवं केलं. ती म्हणजे आमची लॉरी.

घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. दुसरं कुठलं खातं मला नीट सांभाळता आलं नाही म्हणून हे मिळालं असावं. पुतण्या-भाच्यांना लॉरीची गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात लॉरीला बैल जुंपलेले आहेत. मी ती बैलांपाशीच संपवतो. मुलं हसत हसत झोपायला जातात आणि मी पुढचं सगळं घेऊन एकटाच बसून राहतो. इथे ते पुढचंही लिहितो आहे.

आमचा धंदा बैलगाड्यांचा. रेल्वेच्या मालधक्क्यावरून कापसाच्या गासड्या उचलायच्या आणि गिरणीच्या गोदामात नेऊन टाकायच्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, हे काम मिसरूड फुटल्यापासून करत आले होते. ते आमच्याशी मराठी बोलत आणि बैलांशी कानडी. "नडी" म्हटलं की बैल चालू लागत, "निल्लु" म्हटलं की थांबत. पोरांना मात्र कुठल्याच भाषेत सांगितलेलं कळत नाही, अशी त्यांची तक्रार असे, आणि पोरं म्हणताना ते माझ्याकडे बघत.

त्यांचा एक नेम होता. संध्याकाळी गाड्या घरी आल्या की बैलांना पाणी दाखवायचं आणि लगेच चाकांच्या आखाला वंगण घालायचं. एरंडेलात जळक्या काडाची राख खलून केलेलं ते काळं वंगण. ते घातल्याशिवाय अप्पा जेवायला बसत नसत. "आधी आख, मग ताट." पावसात भिजून आलेले असोत, अंगात ताप असो, घरात पाहुणे खोळंबलेले असोत, आखाला वंगण लागल्याखेरीज घरात कुणाच्या हाताला घास लागत नसे. कोरडा आख रडतो, असं ते म्हणत. रस्त्यावरून एखादी गाडी कुरकुरत गेली की अप्पा गाडीवानाला ओळखत नसले तरी शिव्या देत.

मग गिरणीला लॉरीची हौस आली. गोदामाचे बाबू अप्पांना म्हणाले, "गाड्या पुरे झाल्या आता. सकाळच्या भोंग्याआधी पहिली खेप गोदामात पडली पाहिजे. लॉरी आणा, काम तुमचंच. न्हाई आणली, तर जो आणंल त्याचं." अप्पांनी आयुष्यात एवढा मोठा विचार कधी केला नव्हता. तो त्यांनी पंधरवडाभर कुणाशी न बोलता केला, आणि मग बैल विकले. बैलांना माळा घालून बाजारात नेलं आणि परत येताना रिकामे कासरे खांद्यावर टाकून आणले. पाडव्याच्या सुमारास लॉरी आली. महायुद्धातून उरलेली, अनेक हातांतून उतरलेली, चाकांना हवेचं रबर नाही, भरीव रबराच्या जाड चकत्या. ती रस्त्यावरून निघाली की गल्लीतल्या फळीवरची भांडी वाजत.

ड्रायव्हर मी झालो. माझी पात्रता अशी की मॅट्रिकच्या परीक्षेने मला नापसंत केलेलं होतं, आणि तरी मला इंग्रजी अक्षरं लावता येत होती. एका मोटारवाल्याकडे थोडे दिवस हात काळे करून मी शिकून आलो. डोक्याला कानटोपी आणि गळ्यात मफलर घालून मी चाकामागे बसलो की मला वाटे, सगळं गाव बघतंय. गाव बघत होतंच. पण ते लॉरीकडे.

अप्पांना काम उरलं नाही. सवयीने ते पहाटे उठत, रिकाम्या गोठ्यात एक चक्कर मारत, आणि लॉरीपाशी येऊन उभे राहत. तिच्याशी कुठल्या भाषेत बोलावं हे त्यांना कळेना. शेवटी कानडीच बरी म्हणून मी पुढचं हँडल फिरवून इंजिन चालू करायच्या आधी ते तिच्या नाकावर थाप मारून म्हणत, "एळप्पा." म्हणजे, ऊठ रे बाबा. उन्हाळाभर आणि पावसाळाभर ती उठलीही. माझ्या कौशल्याने उठते असं मी समजे, आणि आपल्या थापेने उठते असं अप्पा समजत.

संध्याकाळी लॉरी घरी आली की ते वाटी घेऊन तिच्याभोवती फिरत. कुठे काय घालतात ते मी कधी बघितलं नाही. चाकांना, स्प्रिंगच्या पाट्यांना काहीतरी लावत असतील, म्हातारा माणूस रमतोय तर रमू दे, असं मी समजलो. एरंडेलाचा वास घरात सदाचाच होता. अप्पांचे गुडघे धरलेले असत आणि अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांना रोज एरंडेल चोळून देई. लॉरीच्या धुराला तसाच वास यायचा. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात भाताला आणि रजईलाही तोच वास होता.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि लॉरी उठेनाशी झाली.

आधी मला वाटलं, माझाच जोर कमी पडतोय. सुकाणूच्या चाकाखाली ठिणगी मागं-पुढं करायचा दांडा असतो. तो मागं घ्यायचा राहिला तर हँडल उलटा झटका देतं. एके पहाटे घाईत तो राहिला, आणि लॉरीने मला अंगणाच्या भिंतीपर्यंत पोचवलं. मनगट सुजून वांगं झालं. अव्वाने आंबेहळदीचा लेप घालत विचारलं, "बैलानं कधी मारलं व्हतं रं तुला असं?" मी म्हणालो, "न्हाई." ती म्हणाली, "मग?"

डाव्या हाताने हँडल मारू लागलो. ते फिरता फिरेना. काकवीच्या काहिलीत पळी फिरवावी तसं जड जाई. थंडीत लोखंड आखडतं, माणसासारखंच, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. दुसरं इंजिन मी थंडीत कधी फिरवलेलं नव्हतं, त्यामुळे माझं म्हणणं खोडून काढणारं घरात कुणी नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. प्लग काढायचे आणि चुलीवर तापवायचे. आमच्या घरी पहाटे ज्वारीच्या भाकरी होत. तव्याच्या एका कडेला भाकरी, दुसऱ्या कडेला लॉरीचे प्लग. बायको म्हणाली, "अवो, भाकरीला पेट्रोलचा वास येतोय. आज चूल नगं, नुसती काडी लावली तरी भाकरी भाजंल." गरम प्लग फडक्यात धरून मी अंगणात पळायचो, बसवायचो, तोवर ते गार. मग सिलिंडरच्या माथ्यावरच्या छोट्या वाट्यांतून पेट्रोलचे थेंब आत सोडायचे. त्याने लॉरी एकदा खोकायची, धुराचा एक गोळा टाकायची, आणि पुन्हा मुकी. तिचा तो एक खोकला ऐकून घरातले सगळे बाहेर धावत. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी दाराबाहेर थांबतात तसे उभे राहत. आणि मग एकेक करून आत जात.

रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतायचा उपाय मला सुचला. घरात कढत पाणी म्हणजे आंघोळीचा हंडा. तो लॉरीने घेतला. अप्पांना पूजेआधी आंघोळ लागायची. ते विहिरीवर जाऊन गार पाण्याने आंघोळ करून आले. ओठ निळे. मी म्हणालो, "अप्पा, उद्यापासून तुमच्यापुरतं ठिवतो."

"नगं," ते म्हणाले. "तिला घाल. ती पाव्हणी हाय. आपण घरचं."

त्या संध्याकाळी त्यांनी गोठ्यातली बैलांची जुनी झूल काढली, झटकली, आणि लॉरीच्या नाकावर पांघरली. वर अव्वाची एक वाकळ घातली. मग वाटी घेऊन तिच्याभोवती फिरले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. आजारी जनावराकडे माणूस जास्त बघतो.

बेगमपेठेकडचा एक मिस्त्री बोलावला. त्याने बॉनेट उघडून आत डोकं घातलं, बराच वेळ कुणाशी तरी भांडल्यासारखा पुटपुटला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "इसका मॅग्नेट थंडा पड़ गया है जी. फिकर नक्को करो." मॅग्नेट, म्हणजे ठिणगी पाडणारी डबी, काढून तो घरी घेऊन गेला, दोन दिवस भट्टीशेजारी ठेवून आणला, बसवला, आणि स्वतः हँडल मारलं. मग कंबर धरून खाली बसला. "मियां," तो मला म्हणाला, "ये गाडी नहीं, चुना पीसने का पत्थर है." आणि पैसे न घेता निघून गेला. मिस्त्री पैसे न घेता जातो तेव्हा समजावं की आपलं काही खरं नाही.

गिरणीचा भोंगा आमच्या घरी स्वच्छ ऐकू येई. पूर्वी तो ऐकून अप्पा म्हणत, "बघ, आपली खेप पडली आन् मग वाजला." आता तो वाजताना मी अंगणात हँडलवर वाकलेला असे, आणि अप्पा भिंतीकडे बघत. उन्हं वर आली, लोखंड तापलं, की लॉरी मुकाट उठायची, आणि दिवसभर काही झालंच नाही अशी चालायची. पण तेव्हा तिच्या उठण्याचा उपयोग नव्हता. गोदामाचे बाबू पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी म्हणाले, "कापूस न्हाई म्हणून खालचं खातं खोळंबलं. साहेब मला इचारतो, मी कुणाला इचारू?" आणि मग एक दिवस त्यांनी अप्पांना निरोप धाडला: संक्रांतीपर्यंत बघतो. त्यानंतर पहिली खेप दुसऱ्या लॉरीला.

पहिली खेप गेली की बाकीच्या खेपा तिच्यामागे जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. बैल गेले होते. लॉरी ही अशी. मग आम्ही कोण उरलो, हा प्रश्न ताटापाशी बसायचा आणि आम्ही सगळे त्याच्या बाजूने वाकून भाजी वाढून घ्यायचो.

शेजारच्या आवारात एक गाडीवाला होता. अप्पांपेक्षा बराच लहान, अप्पांच्याच हाताखाली शिकलेला. एके पहाटे माझे हाल बघून तो म्हणाला, "माझी बैलं लावतो की. वढत नेऊ. चाकं फिरली म्हंजे आतलंबी फिरंल." मोटारवाल्यानेही मला हे सांगितलं होतं की लॉरी ढकलत नेऊन गिअरमध्ये टाकली की इंजिन फिरतं. पण त्याने माणसं सांगितली होती. ती भरीव चाकांची लॉरी ढकलायला गल्लीतली सगळी माणसं लागली असती, आणि गल्ली तेव्हा झोपेत होती.

बैल आणले. लॉरीच्या नाकाला साखळदंड बांधला. पण ते गार लोखंड आणि झूल पांघरलेलं ते धूड बघून बैल बुजले. मागं सरायला लागले. तेव्हा अप्पा पुढे झाले. "सर बाजूला," ते शेजाऱ्याला म्हणाले, आणि कासरा हातात घेतला. दोघा बैलांच्या मानेवरून हात फिरवला. काहीतरी कानडीत बोलले, आम्हाला ऐकू न येईल इतकं हळू. आणि मग मोठ्याने, "नडी!"

लॉरी हलली. मी आत बसलो होतो, मफलर-कानटोपी घालून, सुकाणू धरून. पुढे बैल, त्यांच्याजवळ अप्पा, आणि मागे मी, नवरदेवासारखा. सकाळपाळीची माणसं गिरणीकडे निघाली होती. त्यांना दिवसाची सुरुवात इतकी चांगली कधीच मिळाली नसेल.

"अवो अप्पा, हा तिसरा बैल लई लठ्ठ केलाय की!"

"त्याला शिंगं न्हाईत रं. म्हणून आत ड्रायव्हर ठिवलाय."

विणकरांची काही माणसं तेलुगूत काही बोलली आणि पोट धरून हसली. मला तेलुगू येत नाही याचं मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. एकजण तर लॉरीच्या पायरीवर चढून मला म्हणाला, "मालक, गिरणीपत्तोर सोडा की. बैलं तुमचीच न्हवं?"

मी हसलो. दुसरं काय करणार? पुढे बघितलं तर अप्पाही हसत होते. ते असं हसताना मी पाडव्यापासून पाहिले नव्हते. त्यांचे गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. ते बैलांच्या जोडीने चालत होते, मध्येच मागे वळून मला ओरडत होते, "सोड आता! सोड!" मी क्लच सोडला, लॉरी एकदम अडखळली, बैल खाली बसता बसता राहिले, आणि इंजिन गुरगुरलं. अप्पांनी साखळदंड सोडवला. लॉरी चालू राहिली. त्या दिवशी खेप भोंग्याआधी जेमतेम पोचली.

मुलांना मी इथे संपवतो.

त्यानंतर रोज पहाटे बैल लागू लागले. अप्पा मी उठायच्या आधी शेजारच्या आवारात जाऊन बैलांशी बोलत बसलेले असत. संध्याकाळी मात्र ते लॉरीकडे जास्तच बघू लागले. वाटी मोठी झाली. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही, पण लक्षात आणून करायचं काय? हँडल आता हलतच नव्हतं. बैलांनाही ती ओढत नेताना गिअर टाकला की जागच्या जागी थांबावं लागे, आणि लांब, लांब, पार मालधक्क्याच्या वळणापर्यंत न्यावी लागे. एकदा तिथपर्यंत नेऊनही ती उठली नाही. भोंगा वाजला. गोदामाचे बाबू मालधक्क्याच्या फाटकात उभे होते. ते अप्पांना म्हणाले, "अप्पा, बैलांनीच आणायची, तर तुमची बैलंच काय वाईट व्हती?"

अप्पा कासरा गुंडाळत राहिले.

संक्रांत चार-सहा दिवसांवर आली तेव्हा मला तेल तापवायचं सुचलं. पाणी तापवून बघितलं, प्लग तापवून बघितले, राहिलं काय, तर इंजिनातलं तेल. खालचं बूच काढून तेल रात्री काढून ठेवावं आणि पहाटे कढत करून ओतावं. मी लॉरीखाली आडवा झालो, घमेलं धरलं आणि बूच काढलं. काही आलं नाही. काडी घालून ढवळलं तेव्हा एक काळी, जाड, चिकट दोरी लोंबू लागली. ती तुटेना. घमेल्यात पडली तरी वरून सुटेना. मी तिच्याकडे बघत पडून राहिलो. मोटारवाल्याकडे मी तेल बदलताना पाहिलेलं होतं. ते पाण्यासारखं सांडायचं.

पहाटे ते घमेलं चुलीवर ठेवलं. बायको भाकरी थापत होती. ते जरा वितळलं, धूर निघाला, आणि तिने थापता हात थांबवला. नाक वर करून एकदा हुंगलं, मग घमेल्यावर वाकून हुंगलं.

"हे एरंडेल हाय," ती म्हणाली.

"घरातला वास आसंल. अप्पांचं गुडघं..."

"अवो, मी रोज ते तेल काढून देते. मला कळत न्हाई व्हय? बुधला सारखा रिकामा का व्हतो म्हणून मी अव्वांना इचारत व्हते, त्या मला इचारत व्हत्या." आणि मग तिला हसू आवरेना. "इंजिनाला जुलाब द्यायचा इचार कुणाचा?"

मी वळलो. अप्पा दारात उभे होते. अंगावर घोंगडी, हातात कासरा. शेजारून बैल आणायला निघालेले.

"मी घालतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चोरी नव्हती, थोडी ऐटच होती. "रोज घालतो. पाडव्यापासनं. वर टोपण हाय न्हवं, तिथनं. आखाला घालतो ते घाण वंगण न्हाई. खायचं, गाळीव. तुला येळ कुटं आसतो?"

आता मी काय बोलावं, याचा मी नंतर अनेक वर्षं विचार केला. आणि चांगलं काही अजून सुचलेलं नाही. तेव्हा मला जे येत होतं तेच मी केलं. समजावून सांगत बसलो. मोटारीचं तेल जमिनीतनं येतं, हे झाडाचं, दोन्ही एकत्र आली की फाटतात, घट्ट होतात, उन्हाळ्यात कळत नाही, थंडीत राळ होते. इंजिन फिरायला जड, जड फिरलं की मॅग्नेट जोराची ठिणगी टाकत नाही, ठिणगी नाही तर... सगळं त्याच घटकेला माझ्याही ध्यानात येत होतं आणि मी ते बोलत सुटलो होतो. जसं काही ते मला आधीपासून ठाऊक होतं. बायको मला डोळ्यांनी गप्प बसा म्हणत होती. ते मला दिसत होतं.

अप्पांनी सगळं ऐकलं. मग घमेल्यापाशी आले, बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून बघितलं. आखाचं वंगण बघायचे तसं.

"म्हंजे," ते म्हणाले, "मी खायला घातलं आन् तिचं पाय बांधलं."

"तसं न्हाई अप्पा..."

"तसंच हाय की." कासरा त्यांनी खुंटीला अडकवला आणि ते आत गेले.

इंजिन साफ करायला दिवस लागले. खालचं भांडं उतरवलं, राळ खरवडून काढली, घासलेटने पुन्हा पुन्हा धुतलं. नळ्यांत तार घातली. शेजारी मदतीला आला. अप्पा अंगणात आले नाहीत. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसत. त्या दिवसांत गिरणीत खेपच गेली नाही. मी बाबूंना सांगायला गेलो, म्हटलं, "कारण सापडलंय, संक्रांतीला पहाटे लॉरी फाटकात उभी असंल."

"काय कारण व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तेल."

"तेल?" ते म्हणाले. "आणि एवढा हिवाळा गेला?"

संक्रांतीच्या पहाटे गावात गड्ड्याच्या जत्रेची गडबड होती. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी लोक आंघोळी करून निघाले होते. मी एकटाच अंगणात आलो. दांडा मागं घेतला, हँडल लावलं आणि फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात लॉरी उठली. असा हलका, गोड आवाज तिने आमच्या दारात कधी केला नव्हता. मी धावत आत गेलो. अप्पा अंथरुणात जागे होते.

"उठली?" त्यांनी विचारलं.

"पयल्या हाताला."

"जा मग," ते म्हणाले. "उशीर नगं." आणि कूस बदलली.

मालधक्क्यावर दुसरी लॉरी उभी होती. हवेच्या रबराची, निळी. तिच्यात आमच्या गासड्या चढत होत्या. हमालही आमचेच. त्यातला एकजण मला बघून खाली बघायला लागला. गोदामाचे बाबू मला बाजूला घेऊन म्हणाले, आणि खरं सांगतो, ते वाईट तोंड करून म्हणाले, "कालच ठरलं. साहेब थांबंना. माझ्या हातात न्हाई. अप्पांना सांगा." मी लॉरी बंद केली नाही. बंद केली आणि पुन्हा उठली नाही तर त्या सगळ्यांपुढे काय करायचं, ही भीती अजून अंगात होती. चालू लॉरीवर हात ठेवून मी त्यांचं बोलणं ऐकलं आणि रिकामीच घरी आणली.

त्या दिवशी तिळगूळ कुणी कुणाला काय बोलून दिला, मला आठवत नाही.

गड्डा उठला, दुकानं पालं मोडून गेली. आणि एका सकाळी अप्पा शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हणाले, "एखादी गाडी हाकायला माणूस पायजे का?" शेजारी त्यांच्या पाया पडला, म्हणाला, "अप्पा, मला असं बोलून पाप लावू नगा." पण माणूस त्याला पाहिजे होता. अव्वाने घरात भांडी आपटली. "मालक असलेल्या माणसानं गडी व्हायचं? त्येबी काल आपल्या हाताखाली शिकलेल्याच्या घरी?"

"बैलं चांगली हायती त्याची," अप्पा म्हणाले. "आन् वंगणाचं मला कळतं."

पहिल्या दिवशी घरातलं कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते डोक्याला पटका बांधून, शिदोरी घेऊन, पाय ओढत त्या आवारात गेले. मला वाटलं दोन दिवसांत गुडघे त्यांना परत आणतील. आणले नाहीत.

लॉरीला मी मिळेल ते काम धरलं. कडबा, विटा, लाकूड, कधी माढ्याकडून धान्य, कधी अकलूजकडून ऊस. ती रोज पहाटे अर्ध्या फेऱ्यात उठायची. घरात तिच्याभोवती आता कुणी उभं राहत नसे.

त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, एका सकाळी, मी विटा घेऊन स्टेशनाकडून येत होतो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना खड्डे. पुढे एक बैलगाडी चालली होती, गोण्यांनी भरलेली. गाडीवानाची पाठ मी लांबूनच ओळखली. गाडी कुरकुरत नव्हती. मी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. लॉरी पहिल्या गिअरमध्ये कण्हू लागली, तोंडातून वाफ सोडू लागली. लॉरीच्या हॉर्नचा रबरी गोळा माझ्या हातात होता. मी तो दाबला नाही. मागून टांगेवाला ओरडला, "अरे चल की रे, झोपलास का?" तरी दाबला नाही.

अप्पांना मागे लॉरी आहे हे कळलं असणार. तिचा आवाज ते ओळखत होते. त्यांनी मान वळवली नाही. बैलांना हलकेच काहीतरी म्हणाले, गाडी डावीकडे खड्ड्याच्या काठापर्यंत घेतली, आणि उजवा हात बाहेर काढून पुढे जा अशी खूण केली. कुठल्याही लॉरीवाल्याला करतात तशी.

मी पुढे गेलो.